अलीशाचा नांगर

(अभ्यासासाठी वचन : १ राजे १९:१९–२१, लूक ९:५७–६२)

ह्या आठवड्याच्या अभ्यासासाठी घेतलेला भाग अवघ्या तीन वचनांचा आहे. मंडळीत वाचताना तो एकदा वाचून पुढे जाऊ नये. दोनदा वाचावा, आणि दुसऱ्या वेळी ज्याच्या हाताला नांगराचे रुमणे ठाऊक आहे अशा एखाद्या शेतकरी बंधूकडून वाचून घ्यावा. आम्ही सेमिनरीत ह्या भागावर व्याख्याने ऐकली, टीकाग्रंथ चाळले; परंतु त्याचा अर्थ आम्हांस खरोखर उलगडला तो मुरबाडकडच्या एका खेड्यात, पडवीत बसून, भातशेती करणाऱ्या माणसांच्या तोंडून.

प्रसंग असा आहे. एलीया संदेष्टा होरेब डोंगरावरून परत येत आहे. तो थकलेला आहे, आपण एकटेच उरलो असे त्याला वाटत होते. वाटेत यार्देनेच्या खोऱ्यात शाफाटाचा पुत्र अलीशा शेत नांगरीत असलेला त्याला दिसतो. बैलांचे बारा जोत चालू आहेत आणि बाराव्यामागे अलीशा स्वतः आहे. एलीया त्याच्याजवळून जातो आणि आपला झगा त्याच्या अंगावर टाकतो. तो एक शब्दही बोलत नाही. अलीशा बैल सोडून त्याच्यामागे धावतो, आईबापांचे चुंबन घेऊन येण्याची परवानगी मागतो, परत जातो, बैलांची ती जोडी कापतो, नांगराचे व जुवाचे लाकूड जाळून मांस शिजवितो, लोकांना जेवू घालतो, आणि मग उठून एलीयामागे चालू लागतो व त्याची सेवा करितो.

बारा जोत म्हणजे काय हे आपल्या लोकांस सांगावे लागत नाही. ज्याच्या दारी बैलांची एक जोडी असे तो खाऊनपिऊन सुखी समजला जाई. जोडी नसलेला दुसऱ्याची मागून आणून आपली चिखलणी उरके. बारा जोड्या म्हणजे गावातले मोठे घर. तेव्हा अलीशा पोटासाठी देवाच्या कामात आला, असे कोणालाही म्हणता येणार नाही. आमच्याकडे उपदेशकाच्या कामाविषयी असे बोलणे अजूनही अधूनमधून कानावर येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पाचारण आले तेव्हा तो मंदिरात नव्हता, प्रार्थनेस बसला नव्हता, उपासाचा दिवसही नव्हता. तो चिखलामातीत होता. कित्येकांस वाटते, की देवाची हाक यावयाची तर ती मोठ्या सभेत, गायन चालू असता, डोळ्यांना पाणी आले असता यावी. तशीही येते, आम्ही नाकारीत नाही. परंतु माणसाने ठरविलेल्या जागी ती येईलच असे नाही. आमच्या ठाणे शहराचीच एक जुनी हकीकत आहे. १३२१ साली चौघे फ्रान्सिस्कन बंधू समुद्रमार्गे निघाले होते. त्यांना जावयाचे होते दक्षिणेस आणि तेथून पुढे चीन देशास. त्यांचे तारू ठाण्याच्या बंदरास लागले. तेथे जुन्या पूर्वेकडील मंडळीची काही ख्रिस्ती कुटुंबे राहत होती, त्यांच्या घरी ते उतरले. पुढे त्यांना अधिकाऱ्यांसमोर नेण्यात आले, त्यांच्या विश्वासाविषयी विचारण्यात आले, आणि ख्रिस्ताला नाकारण्यास ते तयार होईनात म्हणून त्या एप्रिल महिन्यात चौघेही मारले गेले. पंथाने ते आमच्याहून निराळे; परंतु त्यांची गोष्ट आठवताना आमच्या मनात एकच विचार येतो, की ठाणे हे त्यांच्या बेतातच नव्हते. ‘आम्ही तर चीनला निघालो होतो, येथे साक्ष देणे आमच्याकडे नाही’ असे म्हणण्यास त्यांना जागा होती. ते तसे म्हणाले नाहीत.

आता आईबापांच्या चुंबनाकडे येऊ. कारण येथे पुष्कळांची गाडी अडते. लूकाच्या नवव्या अध्यायात एक मनुष्य प्रभूला म्हणतो, की मी तुमच्यामागे येईन, पण आधी घरच्यांचा निरोप घेऊन येतो. त्याला प्रभूने नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याविषयीचे ते कडक उत्तर दिले. मग अलीशाने तेच मागितले तर त्याला परत का जाऊ दिले? एका अभ्यासवर्गात एका तरुण उपदेशकाने आम्हांस हा प्रश्न विचारला, आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आम्ही त्याला जुना करार व नवा करार ह्यांतील भेदाविषयी काहीतरी पुस्तकी उत्तर देऊन गप्प बसविले. उत्तर चुकीचे नव्हते, पण त्याचे समाधान झाले नाही आणि आमचेही झाले नाही.

पुढे तोच भाग वर सांगितलेल्या खेड्यात वाचला तेव्हा एका वृद्ध बंधूने सांगितले, “साहेब, ह्यो घरी गेला तो मिटवायला. त्यो दुसरा जाणार व्हता तो दार उघडं ठेवायला.” आम्हांस वाटते, ह्याहून नेमके उत्तर देता येणार नाही. दोघांचे शब्द जवळजवळ सारखेच होते. प्रभूने शब्दांमागचे मन पाहिले. अलीशा घरी गेला तो निरोप द्यावयास आणि मागचा व्यवहार पुरा करावयास. जेवण घातले, चार लोकांदेखत गोष्ट संपविली, आणि ज्या लाकडावर त्याची उपजीविका होती तेच लाकूड चुलीत घातले. उद्या मन फिरले तर परत येऊन धरावयास रुमणे उरले नाही.

तोच नांगर त्याला माळ्यावर ठेवता आला असता. त्यात पाप काय होते? चांगला नांगर कोणी जाळीत नाही. आमच्या भागात आता पॉवर टिलर आले, लाकडी नांगर कमी झाले. तरी कित्येक घरांत आजोबांचा नांगर माळ्यावर किंवा गोठ्याच्या आढ्याला अजून आहे. विचारले तर म्हणतात, असू द्या, कधी लागला तर. हे ‘कधी लागला तर’ शेतीत शहाणपणाचे आहे. प्रभूच्या पाचारणात मात्र त्याने किती जणांचे पाय बांधून ठेवले आहेत, हे सांगावयास आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही.

सेमिनरीचे शिक्षण संपवून आम्ही ठाणे जिल्ह्यातील एका लहान मंडळीत नेमले गेलो. घरे थोडी, मंदिराचे छप्पर गळके, वेतन वेळेवर येईलच असा भरवसा नाही. आमच्या ट्रंकेच्या तळाशी एका लिफाफ्यात शिक्षकाच्या परीक्षेचे प्रमाणपत्र होते. ते असणे वाईट नव्हे. परंतु प्रत्येक मे महिन्यात आम्ही ते काढून पाहत असू, वर्तमानपत्रातील शाळांच्या जाहिराती वाचीत असू, आणि दोन वेळा कोणास न सांगता अर्जही केला. रविवारी व्यासपीठावरून समर्पणावर बोलत होतो. लोकांना काही कळत नाही, अशी आमची समजूत होती. एके दिवशी मंडळीतील एक विधवा बाई भाजीची जुडी घेऊन आल्या, अंगणाकडे पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, चार पावसाळे झाले. तुम्ही अंगणात शेवग्याची एक फांदी पण रोवली नाय. तुमच्या आधीच्या साहेबांनी त्यो आंबा लावला.” एवढेच बोलून त्या गेल्या. आम्ही बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. शेवग्याची फांदी रोवली की दोन वर्षांत शेंगा येतात. आम्हांस दोन वर्षांचाही भरवसा द्यावयाचा नव्हता, आणि त्या निरक्षर बाईने ते अंगणातील रिकाम्या जमिनीवर वाचले होते. चार वर्षे तिच्या आजारपणात, तिच्या मुलाच्या लग्नात, आम्ही सर्व कामे केली. परंतु जाणारा माणूस म्हणून केली. त्या मंडळीची वाढ त्या चार वर्षांत का खुंटली, ह्याचा जाब आम्हांस एक दिवस द्यावा लागेल.

आपल्या भातशेतीत जून महिन्यात राबावर पेरतात आणि रोप हातभर झाले की उपटून, मुठी बांधून, खाचरात लावतात. अर्धे रोप राबात आणि अर्धे खाचरात असे कोणी लावीत नाही. उपटलेले रोप पहिले काही दिवस पिवळे पडते, माना टाकते. नव्या शेतकऱ्यास वाटते मेले. मग ते मूळ धरते. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबास पहिल्या वर्षी असे पिवळेपण येते, तेव्हा उपदेशकाने घाबरू नये आणि त्यांना सारखे हलवूनही पाहू नये.

परंतु संपूर्ण मनाने पाचारण स्वीकारणे म्हणजे प्रत्येकाने नोकरीधंदा सोडणे, असा अर्थ कोणी काढील, म्हणून आजच्या भागाच्या अगदी आधीचे वचन पाहावे. अठराव्या वचनात देव एलीयाला सांगतो, की बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार इस्राएलात आहेत. त्या सात हजारांनी नांगर जाळले असते तर त्या वर्षी देशात पेरणी कोणी केली असती? ते आपापल्या शेतात, घाण्यावर, मागावर होते. त्याच्याही मागे, अठराव्या अध्यायात, ओबद्या नावाचा मनुष्य आहे. तो दुष्ट अहाब राजाच्या घरचा कारभारी. त्याने राजाची नोकरी सोडली नाही. त्या नोकरीत राहूनच शंभर संदेष्टे पन्नासपन्नासांच्या टोळ्यांनी गुहांत लपविले आणि त्यांना अन्नपाणी पोहोचविले. त्याचे मन संपूर्ण होते की नव्हते? जीव मुठीत धरून रोज राजवाड्यात जाणाऱ्यास आम्ही अर्धवट म्हणणार नाही.

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण आता शेतावर नाहीत. कोणी डोंबिवलीच्या कारखान्यांत आहेत, कोणी कल्याणास दुकानात, कोणी पहाटेची लोकल धरून ठाण्याला किंवा त्यापुढे मुंबईस जातात. रविवारी पाळी आली तर उपासना चुकते. त्यांतील एकाने आम्हांस विचारले, “मी नोकरी सोडली तरच प्रभू मला आपला म्हणेल का?” आम्ही त्याला ओबद्याचा अध्याय वाचावयास सांगितला. मग त्यालाच विचारले, की तुझ्या कारखान्यात असे काही आहे का, जे प्रभूने मागितले आणि तू ‘एवढे सोडून बोल’ म्हणालास? तो गप्प राहिला. काही दिवसांनी येऊन म्हणाला, की कंत्राटी मजुरांच्या हजेरीत तो काही नावे कमी मांडीत असे, कारण वरच्या माणसाला ते हवे होते, आणि त्यात त्यालाही थोडे मिळे. त्याचा नांगर हजेरीच्या वहीत होता. त्याने ते थांबविले. त्याला त्या कामावरून काढून यंत्रावर घातले, पगार कमी झाला. आजही तो तेथेच काम करितो आणि सुटी मिळेल त्या रविवारी आमच्या शब्बाथ शाळेत मुलांना शिकवितो.

कल्याण म्हटले, की ज्यांचे नाव आमच्या मंडळ्यांत घरोघर आहे त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे झाला. परंतु त्यांचे बालपणीचे शिक्षण १८६९ ते १८७३ ह्या काळात कल्याणास झाले. आगगाडी १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आणि पुढल्या वर्षी कल्याणापर्यंत आली होती. कल्याणास लोहमार्ग फुटतो. एक फाटा कसाऱ्याच्या घाटाकडे, दुसरा कर्जतच्या घाटाकडे. सांधा बदलला की गाडी एकाच बाजूस जाते, दोन्हीकडे जात नाही, हे त्या गावच्या शेंबड्या पोरासही ठाऊक असते. पुढे १८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीतच त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले, त्यांनी नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे म्हटले. त्या गृहस्थांचे नाव टिळकांना कधी कळले नाही. एलीयाप्रमाणे ते झगा टाकून पुढे निघून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला. विद्वान ब्राह्मण, संस्कृताचा व्यासंगी, कवी. त्यांची जात गेली, आप्त तुटले, समाजात त्यांचे नाव घेणे कठीण झाले.

एवढी गोष्ट सर्वांस ठाऊक असते आणि उपदेशात आपण येथेच थांबतो. आम्हांस वाटते, पुढील बावीस वर्षांनी जे घडले ते उपदेशकांनी अधिक लक्ष देऊन वाचावे. टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. अहमदनगरास शिकवीत, १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली होती, ह्याच जुन्या ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांनी केले, मंडळी त्यांची पदे गात होती. मान होता, वेतन होते, वय पंचावन्नाच्या घरात होते. अशा वेळी १९१७ साली त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना तेथे एकत्र बोलवावे, आपल्या देशाच्या रीतीने ख्रिस्ताची भक्ती करावी, असा त्यांचा हेतू होता. ह्या विचाराविषयी तेव्हाही मतभेद होते. बाप्तिस्म्याचा प्रश्न इतका सैल सोडावा हे आम्हांसही पटत नाही. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. त्यांच्यामागे दरबार फारसा वाढला नाही. पण आम्ही येथे दरबाराचा निकाल देत नाही. पाहावयाचे ते हे, की ज्याने १८९५ साली एक नांगर जाळला त्याच्यापाशी १९१७ पर्यंत दुसरा तयार झाला होता, आणि तो मिशनचा होता, देवाच्या कामाचाच होता. देवाच्या कामातील स्थैर्य, मान, ठरलेली रक्कम, ह्यांचाही नांगर होतो. आमच्या वाचकांतील जे वीस-पंचवीस वर्षे सेवेत आहेत त्यांना उद्देशून आम्ही हे लिहीत आहो. नव्याने आलेल्या भावाला हे लागू व्हावयास अजून अवकाश आहे.

आता एक गोष्ट, जी उपदेशात सहसा सांगितली जात नाही. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या, आणि त्यांची संमतीही नव्हती. पदरी लहान मुलगा. नवरा जिवंत असून संसार मोडला; माहेरच्या आणि बहिणीच्या आधाराने त्यांनी ते दिवस काढले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. त्यांतील तो काळ वाचताना कोणाही पाळकाने एकदा पुस्तक मिटून विचार करावा. पतीने आपले सर्वस्व दिले, हे खरे. परंतु त्या सर्वस्वात जे दिले गेले त्यातील काही लक्ष्मीबाईंचे होते, आणि त्यांना विचारले नव्हते.

येथे अलीशाकडे परत जाऊ. त्याच्या शेतात बारा जोड्या होत्या. वचनात त्याने किती कापल्या म्हणून सांगितले आहे? एक जोडी. जी तो स्वतः हाकीत होता ती. उरलेल्या अकरांविषयी वचन काही म्हणत नाही. त्या शेतावर राहिल्या असे समजावयास हरकत नाही. बापाचे घर त्याने उघडे पाडले नाही. जाळला तो स्वतःच्या हातातील नांगर. आम्ही हा भाग अनेक वर्षे शिकविला आणि ह्या एका संख्येकडे आमचे लक्ष गेले नव्हते. ते गेले लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचल्यावर. संपूर्ण मन द्यावयाचे ते आपले. बायकोचे मन, मुलांचे मन, आईबापांचे मन आपण वेदीवर ठेवू शकत नाही. ती आपली नव्हेतच. जो भाऊ प्रभूसाठी म्हणून घरचे दाणे विकतो आणि बायकोला शेजारी हात पसरावयास लावतो, त्याने अकरा जोड्यांना हात घातला आहे. तसे करणारे आमच्या पाहण्यात आहेत आणि मंडळी त्यांची स्तुती करिते.

टिळकांना आम्ही दोष देत आहो असे कोणी समजू नये. त्या काळी ब्राह्मण घरातील स्त्रीला पतीबरोबर त्या वाटेवर येऊ देणे तिच्या नातलगांना शक्य नव्हते. टिळक थांबले असते तर कदाचित जन्मभर थांबले असते. आम्ही त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, हे आम्हांस सांगता येत नाही. एवढे मात्र दिसते, की नवरा गेला म्हणून लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे परत आल्या तेव्हाही आपले सोवळे, आपला स्वयंपाक निराळा ठेवून आल्या. माहेरी वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक त्यांनी लहानपणापासून पाहिला होता; ते बंधन मनातून सुटावयास वेळ लागला. पुढे एके दिवशी जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे पाचारण त्यांच्या नावाने निराळे आले, आणि ते टिळकांच्या घाईने आलेले नव्हते. आमच्या मंडळ्यांत पुरुषाने बाप्तिस्मा घेतला की त्याच रविवारी बायकोमुलांची नावेही वहीत चढविण्याची घाई होते. उपदेशकांना विनंती आहे, की त्या बाईंना निराळे बसवून, कोणी ऐकत नसता, एकदा विचारावे.

शालेय शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या ह्या बाईंनी पुढे काय केले तेही सांगावयास हवे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूच्या चरित्राचे काव्य आरंभिले होते. थोडीच प्रकरणे झाली आणि ते वारले. उरलेले, म्हणजे काव्याचा फार मोठा भाग, लक्ष्मीबाईंनी लिहून ते पुरे केले.

वर्गात हा धडा घेताना उपदेशकांनी लोकांस ‘तुम्ही काय जाळणार’ असे एकदम विचारू नये. सभेत, सर्वांदेखत विचारले की माणसे मोठमोठे बोलतात आणि घरी जाऊन विसरतात, हनन्या व सप्पीरा ह्यांची गोष्ट (प्रे. कृ. ५) देण्यात कमी पडण्याची नसून दिल्याचा देखावा करण्याची आहे, हेही ह्याच वेळी सांगण्यासारखे आहे. त्यापेक्षा भाग वाचावा, बारा जोड्या व एक जोडी मुलांकडून मोजून घ्याव्या, आणि लोकांस शांत बसू द्यावे. पुढल्या आठवड्यात कोणी आपणहून बोलला तर ऐकावे.

मुलांच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो, की नांगर जाळल्यावर अलीशाला काय मिळाले? मुलांना चमत्कार आवडतात; ती यार्देन दुभंगल्याची आणि अग्निरथाची गोष्ट सांगू लागतात. परंतु ती पुढची आहे. मध्ये काही वर्षे गेली आणि त्या वर्षांविषयी पवित्र शास्त्रात फारच थोडे आहे. २ राजे, तिसऱ्या अध्यायाच्या अकराव्या वचनात राजाचा एक सेवक अलीशाची ओळख करून देतो, तेव्हा तो त्याच्या हातून घडलेले एकही अद्भुत कृत्य सांगत नाही. एलीयाच्या हातांवर पाणी घालणारा तो हा, एवढेच म्हणतो. बारा जोतांच्या घरातला मुलगा इतकी वर्षे एका म्हाताऱ्याच्या हातांवर पाणी घालीत होता.

त्या मंडळीत आम्ही पुढे सात वर्षे राहिलो. शेवगा लावला, पहिला वाऱ्याने मोडला, दुसरा जगला. प्रमाणपत्र अजून आहे. आमच्या मुलीच्या शाळेच्या कागदांबरोबर ते एकाच पिशवीत पडले आहे, आणि मे महिन्यात ती पिशवी आम्ही आता तिच्या दाखल्यासाठीच उघडतो.